जाडजूड, गोलमटोल अक्षराची गोष्ट: शिकागोच्या खिळ्यांपासून आपल्या चौकातल्या फ्लेक्सपर्यंत

दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात की नाही, यावरून आपल्याकडं गेली कित्येक वर्षं भांडणं झाली, काळं फासून झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी २०२२ मध्ये विधिमंडळानं दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि कामगार किती का असेनात, देवनागरीतली मराठी पाटी सगळ्यांना सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, हेही त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथं २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयानं सांगितलं, दोन महिन्यांत पाट्या बदला.

पाट्या बदलल्या. पण कशा बदलल्या ते एकदा बाजारातून चक्कर मारून बघा. वर कंपनीचं इंग्रजी नाव, ज्याच्या एकेका वळणावर कुणीतरी महिनोन्‌महिने काम केलेलं. आणि त्याच्या शेजारी मराठी नाव, जे फ्लेक्सवाल्यानं संगणकात सापडेल त्या फाँटमध्ये टाकलं आणि नियमात बसावं म्हणून दोन्ही बाजूंनी ओढून लांब केलं. कायद्यानं अक्षराची उंची मोजली. वळण कुणी मोजलं नाही, कारण वळण ही सार्वजनिक बाब आहे असं आपल्याला वाटतच नाही.

आता दुसरी गोष्ट बघा. याच बाजारात एक अक्षर मात्र सगळीकडं दिसतं. जाड, गुबगुबीत, कोपरे घासून गोल केलेलं. वाढदिवसाचा फ्लेक्स, वडापावची गाडी, बालवाडीचं प्रवेशपत्रक, यूट्यूबच्या व्हिडिओवरचा मथळा, गणेश मंडळाची कमान, सगळीकडं तेच. हे अक्षर आपोआप उगवलेलं नाही. त्याच्यामागं दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात तंत्र आहे, पैसा आहे, चोरी आहे आणि शेवटी आपल्या भाषेचा एक नाजूक प्रश्नही आहे. म्हणून आज त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात जाड अक्षरापासून करू. छपाई सुरू झाल्यावर पहिली साडेतीनशे वर्षं युरोपात छापील अक्षर म्हणजे पुस्तकाचं अक्षर होतं. माणूस ते हातात धरून, शांतपणे, हातभर अंतरावरून वाचणार. त्याला जाड असण्याची गरजच नव्हती. गरज पडली ती जाहिरातीमुळं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सरकारी लॉटरी जोरात होती. १८२६ मध्ये ती बंद पडली, पण तोवर भिंती तिच्या भित्तिपत्रकांनी भरून गेल्या होत्या. रस्त्यानं चाललेल्या माणसाला थांबवायचं, तर अक्षरानं ओरडलं पाहिजे. मग तिथल्या टाईप ओतणाऱ्या कारखान्यांनी पुस्तकी अक्षरंच फुगवून फुगवून जाड केली. १८२७-२८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्सनं लाकडी अक्षरं यंत्रावर कोरायला सुरुवात केली आणि शिशाच्या वजनाचा प्रश्नही सुटला. हातभर उंचीचं अक्षरसुद्धा आता स्वस्तात छापता येऊ लागलं.

म्हणजे जाड अक्षर हे पहिल्यापासून बाजाराचं अपत्य. विद्वानांनी त्याला कधी घरात घेतलं नाही.

या घराण्यातलं सगळ्यांत नावाजलेलं मूल जन्मलं शिकागोत. त्याचं नाव कूपर ब्लॅक. बाप ऑसवाल्ड कूपर, जन्म १८७९, ओहायो राज्यातला. लहानपण कॅन्सासमधल्या कॉफीव्हिल नावाच्या गावात गेलं. शाळा अर्ध्यावर सोडून हा मुलगा छापखान्यात उमेदवारी करायला लागला. पुढं चित्रकार व्हायचं म्हणून शिकागोला फ्रँक होम यांच्या शाळेत आला. चित्रकला काही फारशी जमली नाही, पण तिथं अक्षरलेखन शिकवायला होते फ्रेडरिक गाउडी, जे पुढं अमेरिकेतले मोठे टाईपकार म्हणून नावाजले. त्यांच्या हाताखाली कूपरला आपली वाट सापडली. १९०४ मध्ये फ्रेड बर्च या भागीदाराबरोबर त्यानं जाहिरातींचं काम करणारी संस्था काढली. बर्च धंदा आणणार, कूपर अक्षरं काढणार.

त्या काळात चांगल्या जाहिरातीचा मथळा हातानंच काढत. कूपरनं पॅकार्ड मोटारीच्या जाहिरातींसाठी असंच एक वळण काढलं होतं. ते इतकं आवडलं, की अमेरिकन टाईप फाउंडर्स या बलाढ्य कंपनीनं १९१३ मध्ये ते शिशात ओतून विकायलाही काढलं. अक्षर मूळ कूपरचं आहे हे कळल्यावर कंपनीच्या मॉरिस बेंटन यांनी त्याला पैसे दिले आणि श्रेयही दिलं. पण ते सौजन्य होतं, कायदा नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मग शिकागोतल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं कूपरला सांगितलं, आमच्यासाठी अक्षरांचं एक पूर्ण कुटुंबच कर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यातलं साधं, पुस्तकी वजनाचं अक्षर आलं. आणि १९२२ च्या सुमारास त्याचं महाजाड भावंड बाजारात उतरलं, तेच कूपर ब्लॅक.

या अक्षरात नेमकं काय होतं? रोमन अक्षरांना टोकाशी छोटे आडवे पाय असतात. आधीच्या जाड अक्षरांत हे पाय बारीक किंवा चौकोनी, टोकदार असत. कूपरनं ते सगळे लोण्यात बुडवून काढल्यासारखे गोल केले. अक्षराचा तळही सपाट ठेवला नाही. प्रत्येक पाय खालून किंचित फुगीर. इंग्रजी ओ अक्षराच्या आतली पोकळी सरळ उभी न ठेवता मागं कललेली ठेवली, त्यामुळं ते अक्षर जणू आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखं वाटतं. सबंध अक्षरात कुठंही धारदार कोपरा नाही आणि केसासारखी बारीक रेघ नाही.

यात सौंदर्य होतंच, पण छापखान्याचा व्यवहारही होता. शिशाच्या खिळ्याची बारीक रेघ दाबाखाली मोडते, कोपरा झिजतो. स्वस्त कागदावर शाई पसरते आणि धारदार टोक गचाळ दिसू लागतं. कूपर ब्लॅकमध्ये मोडायला बारीक रेघच नव्हती आणि शाई थोडी पसरली तरी गोलाचा गोलच राहायचा. वाईट छपाईला माफ करणारं अक्षर होतं ते. फाउंड्री तर जाहिरात करायची, की हे अक्षर छोट्या जाहिरातीला मोठी करून दाखवतं. खुद्द कूपर थट्टेनं म्हणायचा, की मुद्रक दूरदृष्टीचा आणि त्याचं गिऱ्हाईक अधू दृष्टीचं असलं, की हे अक्षर कामाला येतं.

गिऱ्हाइकांनी ते डोक्यावर घेतलं. सोवळ्या मुद्रकांनी मात्र नाकं मुरडली. हे कसलं लठ्ठ, ढोबळ अक्षर, यानं पानाची शोभा गेली, अशी ओरड झाली. पण ओरड करणारेही विक्रीचे आकडे बघत होतेच. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी भराभर आपापली गोल-जाड अक्षरं काढली. मोनोटाईप कंपनीनं तसंच अक्षर करून मागितलं ते कुणाकडं? थेट कूपरच्या गुरूकडं! गाउडींनी ते करून दिलंही. शिष्याच्या यशावर गुरूनं काढलेली ही आवृत्ती आज फारशी कुणाला आठवत नाही, शिष्याचं अक्षर मात्र टिकलं.

इथं तो मघाचा मुद्दा येतो. अक्षराच्या आकारावर मालकी कुणाची? अमेरिकेत अक्षराच्या वळणाला स्वामित्वहक्क मिळत नाही. १९७८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं एल्ट्रा कंपनीच्या दाव्यात हे स्पष्टच सांगितलं. अक्षर ही उपयोगाची वस्तू, तिच्या आकाराला कलाकृतीचा हक्क नाही, असा साधारण तर्क. त्यामुळं कूपर ब्लॅकसारख्या अक्षराच्या नकला होत राहिल्या. कलाकाराच्या दृष्टीनं हा अन्याय. पण अक्षर जगभर पसरलं यात या नकलांचाही वाटा आहे, हेही खरं.

कूपर १९४० मध्ये वारला. युद्धानंतर फॅशन बदलली, सरळ, कोरडी, बिनपायांची अक्षरं आली आणि कूपर ब्लॅक आजोबांच्या काळातलं वाटू लागलं. पण साठच्या दशकात तंत्र बदललं. शिशाऐवजी फिल्मवर अक्षरं जुळवता येऊ लागली. आता अक्षरं एकमेकांना चिकटवता येत होती, हवी तेवढी मोठी करता येत होती. लेट्रासेटचे घासून उमटवायचे कागद आले, त्यामुळं छापखाना नसलेल्या पोरालाही मथळा करता येऊ लागला. १९६६ मध्ये बीच बॉईजच्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीच्या वेष्टनावर कूपर ब्लॅक झळकलं. १९६८ पासून बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेची नामावली त्यातच असायची. सत्तरच्या दशकात इस्त्रीनं टी-शर्टवर चिकटवायची अक्षरं आली, तीही बहुतेक हीच. १९९५ मध्ये ईझीजेट नावाची स्वस्त विमान कंपनी सुरू झाली आणि तिनं विमानाच्या अंगावर नारिंगी रंगात हेच अक्षर रंगवलं. का? तर ‘आम्ही मोठे साहेब नाही, तुमच्यातलेच आहोत’ हे एकही शब्द न बोलता सांगणारं अक्षर हवं होतं.

जाड-गोल अक्षराचं मर्म इथंच आहे. जाडी लक्ष वेधते आणि गोलाई भीती घालवते. नुसतं जाड अक्षर दरडावतं. तेच गोल केलं की गळ्यात हात टाकतं. पुढाऱ्यांना आणि दुकानदारांना नेमकं हेच हवं असतं.

आता आपल्याकडं येऊ.

मराठी छपाईत सुरेख अक्षराची परंपरा लहान नाही. जावजी दादाजी चौधरी लहानपणी मुंबईतल्या अमेरिकन मिशन छापखान्यात कामाला लागले, तिथं टाईपाची कला शिकले आणि १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरचा देवनागरी टाईप म्हणजे पुढं कित्येक दशकं शुद्ध, देखण्या अक्षराचा मानदंडच होता. पण तो पोथीचा, पुस्तकाचा टाईप. बोरूच्या कापलेल्या टोकातून उतरणारी जाड-बारीक रेघ शिशात उतरवलेली.

मोठं, जाड, रस्त्यावर ओरडणारं देवनागरी अक्षर शिशात करणं अवघड होतं. का ते समजून घ्या. इंग्रजीच्या केसमध्ये लहान-मोठी लिपी, आकडे आणि चिन्हं मिळून शंभर-सव्वाशे खिळे असले की काम भागतं. देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या धरून कैक शेकडा खिळे लागतात. एवढे खिळे मोठ्या आकारात, एकाच जाहिरातीपुरते कोण ओतणार? म्हणून आपल्याकडं मोठं अक्षर बहुधा हातानंच आलं. पेंटरच्या कुंचल्यातून, लिथोच्या दगडावरून, ब्लॉकमधून. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं आठवा. नाटकाचं नाव वाचण्याआधीच नाटकाचा स्वभाव कळायचा. गावोगावच्या पेंटरांनी तर दुकानं, एसटी थांबे, निवडणुकीच्या भिंती रंगवून अख्खा महाराष्ट्र वाचनीय ठेवला. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

मग संगणक आला आणि दोन अपघात एकदम झाले. पहिला, फ्लेक्सच्या यंत्रानं पेंटरचं काम खाल्लं. दुसरा, मराठी फाँट आले ते प्रत्येक कंपनीचे वेगळे, आपापल्या गुप्त किल्ल्यांचे. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात टाकला की नुसती भेंडोळी. युनिकोड आल्यावर हा गोंधळ मिटायला सुरुवात झाली. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ फाँट विंडोजबरोबर घराघरांत पोचला. पण मंगल हा पत्राचा, अर्जाचा फाँट. त्यात फ्लेक्स कसा करणार? शिवाय फ्लेक्सवाल्यांची जुनी सॉफ्टवेअर युनिकोड नीट हाताळत नव्हती, त्यामुळं ते जुन्याच फाँटांना चिकटून राहिले. बरीच वर्षं मराठी रस्त्यावर तेच ते चार-पाच फाँट दिसत होते.

ही कोंडी फोडणाऱ्यांत मुंबईतल्या ‘एक टाईप’ या टाईपकारांच्या गटाचं नाव महत्त्वाचं आहे. २०१५ च्या आसपास त्यांचे दोन जाड-गोल फाँट आले. एकाचं नाव ‘मोदक’, दुसऱ्याचं ‘बलू’.

मोदक नावाप्रमाणंच आहे. इतकं फुगलेलं, की अक्षराच्या आतल्या पोकळ्या जवळजवळ मिटून गेल्यात, फक्त केसाएवढ्या पांढऱ्या फटी उरल्यात. ‘ब’चं पोट, ‘घ’ची वळणं त्या फटींवरूनच ओळखायची. त्यांनी स्वतःच म्हटलंय, की आजवरचा हा बहुधा सगळ्यांत गुबगुबीत देवनागरी फाँट असावा. तो फक्त मोठ्या आकारात वापरायचा. लहान केला की फटी बुजतात आणि काळे गोळे उरतात.

बलू हा जास्त कामाचा. अस्वलाचं नाव, अस्वलासारखाच जाड आणि मऊ, पण पाय घट्ट रोवलेला. त्याची गंमत अशी, की तो एका लिपीपुरता केलेला नाही. गुजराती, गुरमुखी, बंगाली, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, उर्दू, अशा आपल्या लिप्यांत त्याची भावंडं आहेत, आणि नावं बघा: गुजरातीत बलू भाई, गुरमुखीत बलू पाजी, बंगालीत बलू दा, ओडियात बलू भाइना, तमिळमध्ये बलू तंबी, तेलुगूत बलू तम्मुडू, कन्नडमध्ये बलू तम्मा, मल्याळममध्ये बलू चेट्टन, उर्दूत बलू भाईजान. ज्या त्या भाषेतला भाऊ. देशाच्या एकतेवर भाषणं पुष्कळ ऐकतो आपण, पण प्रत्येक लिपीचा स्वभाव राखून सगळ्यांना एका घरातलं दाखवायचं काम इथं प्रत्यक्ष झालंय. सुरुवातीला बलू एकाच जाडीत होता. २०१९ च्या ‘बलू २’ मध्ये साध्यापासून महाजाडपर्यंत पाच जाड्या आल्या.

देवनागरीत जाड अक्षर करताना खरी परीक्षा कुठं होते सांगू? इंग्रजी अक्षर एका मजल्याचं घर, देवनागरी तीन मजली. मध्ये अक्षर, वर शिरोरेघेच्या डोक्यावर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, खाली उकार. आणि मराठीची सामान्यरूपं तर या मजल्यांवर गर्दीच करतात. गणपतीत ‘मूर्तींची विक्री’ असा बोर्ड लागतो. त्यातल्या ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच दांड्याच्या डोक्यावर बसतात. दहावीच्या निकालाला ‘गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन’ लागतं. त्यात ‘र्थ्यां’ बघा, खाली जोडाक्षर, वर रफार नि अनुस्वार. रेघ जाड करत गेलं की आतली पांढरी जागा कमी कमी होत जाते आणि पांढरी जागा संपली की अक्षर संपलं. म्हणून चांगला टाईपकार सगळ्या रेघा सरसकट जाड करत नाही. जिथं रेघा भेटतात तिथं हळूच बारीक करतो, पोकळी राखतो, शिरोरेघ किंचित आवरती घेतो. बघणाऱ्याला अक्षर एकसारखं जाड वाटतं, पण ते तसं नसतं. हे कष्ट शेकडो आकारांत, एकेका जोडाक्षरात करावे लागतात.

एवढे कष्ट करून हे फाँट दिले कसे? फुकट. दोन्ही गूगल फाँट्सवर आहेत, मुक्त परवान्याखाली. कुणीही उतरवून घ्यावा, फ्लेक्सवर, पुस्तकात, मालावर, निवडणुकीत वापरावा, एवढंच नाही तर सुधारून पुन्हा वाटावा. नुसता फाँट तेवढा विकायचा नाही. कूपरच्या काळात जे नकलेनं झालं, ते इथं राजीखुशीनं झालं. आणि म्हणूनच हे अक्षर तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सवाल्यापर्यंत पोचलं. इतिहासाचा धडा तोच: अक्षर पसरतं ते सुंदर असतं म्हणून नाही, स्वस्तात हाताशी असतं म्हणून. सुंदरही असलं तर आपलं नशीब.

आता त्या नाजूक प्रश्नाकडं येतो.

देवनागरी म्हणजे हिंदी नव्हे. मराठीच्या स्वतःच्या काही खुणा आहेत. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र घ्या. तो रफार नाही. ‘आचार्यांना जेवायला बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलवा’ यात गुरुजींचा आणि स्वयंपाक्याचा फरक आहे आणि तो फरक फक्त या एका रेघेवर उभा आहे. हिंदीला हे रूप लागत नाही, त्यामुळं हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फाँटात किंवा कळफलकात ते विसरलं जाण्याची भीती कायम असते. मग आपल्या राज्यात, आपल्याच सरकारच्या योजनेच्या फलकावर ‘शेतकर्यांसाठी’ छापलं जातं आणि कुणाला काही वाटत नाही. ‘ॲ’ घ्या. ‘ॲप’, ‘ॲड.’, ‘ॲम्ब्युलन्स’ मधलं हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आलं ते २००८ साली. जुन्या फाँटात त्या जागी नुसता चौकोन दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ घ्या. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूढ वळणं, आणि राज्य सरकारनं २००९ च्या शासन निर्णयात ती प्रमाण म्हणून ठरवली. आजच्या फाँटांमध्ये एकाच फाँटात दोन्ही वळणं ठेवायची सोय असते, मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की वळण बदलतं. पण ती निवडायची असते हे फ्लेक्सवाल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणजे कायदा म्हणतो पाटी मराठी हवी, शासन निर्णय म्हणतो वळण मराठी हवं, आणि सरकारी फलकाची निविदा काढताना मात्र फक्त चौरस फुटाचा दर बघितला जातो. यात फ्लेक्सवाल्याचा दोष नाही. त्याला रात्रीतून पन्नास फ्लेक्स द्यायचे असतात.

काही जण म्हणतील, एवढी शेतं वाळतायत, पोरं बेकार फिरतायत आणि तुम्ही अक्षरांचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण ज्या शेतकऱ्यासाठी योजना आहे, त्याला तिचं नाव लांबून, ऊन-पावसात, अधू डोळ्यांनी वाचता येणं हा त्या योजनेचाच भाग आहे. दवाखान्याची पाटी, एसटीचा फलक, औषधाच्या बाटलीवरची सूचना, या सगळ्यांचं काम अक्षरावर चालतं. आणि भाषेचा अभिमान घोषणेत दाखवणं सोपं, रफारात दाखवणं कठीण.

दुसरीही एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. फुकट मिळतंय म्हणून हेच अक्षर सगळीकडं, हेही बरं नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ जेव्हा वडापावच्या पाटीच्या गुबगुबीत अक्षरात लागते, तेव्हा गेलेल्या माणसाची थट्टा झाल्यासारखं वाटतं. हसरं अक्षर हसायच्या जागी. कूपर ब्लॅकचंही हेच झालं होतं, इतकं वापरलं की लोक विटले. दोष अक्षराचा नसतो, आपल्या आळसाचा असतो. पेंटर होता तेव्हा तो विचारायचा तरी, काय लिहायचंय, कशासाठी लिहायचंय. फाँटची यादी काही विचारत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. एक, सरकारनं, महापालिकांनी आणि एसटीनं फलकांच्या निविदेत अक्षराची अट घालावी: युनिकोड, मराठी वळण, आणि लांबून वाचता येण्याची चाचणी. दोन, मराठीच्या नावानं जो निधी असतो, त्यातला थोडा मराठी टाईपकारांना द्यावा आणि त्यांच्याकडून वेगवेगळ्या कामांचे मुक्त फाँट करून घ्यावेत. गंभीर प्रसंगाचे, रस्त्याचे, पाठ्यपुस्तकाचे. हे काम नेहमी परक्या कंपनीच्या व्यासपीठावर अवलंबून का असावं? तीन, प्रत्येक जिल्ह्यात अजून हात चालणारे जुने पेंटर आहेत. त्यांची अक्षरं फोटो काढून, मापं घेऊन जतन करावीत. पुढच्या टाईपकारांसाठी तीच खरी शाळा आहे.

आणि हे होईल तेव्हा होईल. तोवर एक काम तुम्ही-आम्ही करू शकतो. पुढच्या वेळी दुकानाची पाटी, मंडळाची कमान किंवा लग्नाचा फलक करायला टाकाल, तेव्हा फ्लेक्सवाल्याला आधी पाच शब्द टाईप करून दाखवायला सांगा: शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांचे, मूर्तींची, ॲम्ब्युलन्स, कुशल. पाचही शब्द स्वच्छ दिसले, रफार-अनुस्वार एकमेकांच्या अंगावर पडले नाहीत, ‘कुशल’मधल्या श आणि लचं वळण आपलं निघालं, तर तो फाँट मराठी. नाहीतर दुसरा बघा म्हणावं. चांगले फाँट फुकट आहेत, फक्त मागावे लागतात.

तुमच्या गावात हातानं रंगवलेली एखादी देखणी मराठी पाटी अजून टिकून असेल तर तिचा फोटो खाली टाका. पेंटरचं नाव माहीत असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर तेही लिहा. निदान इथं तरी त्यांची नोंद राहील.